हातावर टेकवलेले पैसे

“मुलगा झाला. दोघंही ठीक आहेत,” मावशी म्हणाली. बाकावरचा माणूस उठून उभा राहिला, आधी हसला, मग रडला, मग दोन्ही खिसे चाचपायला लागला. खिशात नोट नाही हे त्याला ठाऊक होतं, पण हाताला जुनी सवय होती. शेवटी त्याने मोबाइल काढला.

“नंबर सांगा मावशी.”

“राहू द्या साहेब.”

“असं कसं? पहिलं मूल आहे माझं.”

“मिळाल्यासारखंच आहे. जा, आत जाऊन बघा बाळाला.”

तो गेला. दारातल्या खुर्चीवर बसलेल्या वॉचमनला सगळे कॅप्टन म्हणत. त्याने मान हलवत विचारलं, तुला काय श्रीमंती चढली का गं? आज सकाळपासून तिसऱ्याला नाही म्हणालीस. मावशीने चादरींची गाठोडी उचलली आणि धुण्याच्या खोलीकडे निघाली.

अठ्ठावीस वर्षं ती या प्रसूतिगृहात आया होती. बाळंतपण डॉक्टर करत, नाव डॉक्टरांचं होई, बिलही डॉक्टरांच्या नावाने फाटे. पण दार उघडून बाहेर येऊन बातमी सांगायची ती मावशीने. त्या क्षणी समोरचा माणूस जे हातावर टेकवेल ते तिचं. याला कुणी बक्षीस म्हणतं, कुणी चिरीमिरी. ज्यांना हे भीक मागणं वाटतं त्यांनी एक महिना आयाच्या पगारावर घर चालवून दाखवावं आणि मग तोंड उघडावं.

तर ते पैसे हातावर येत, तिथून एप्रनच्या खिशात जात, आणि जगात कुणाला पत्ता लागत नसे. आता नोटाच दिसेनाशा झाल्या. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर कोट घातलेली माणसं रोज सांगत की अजून थोडी वर्षं, मग रोख पैसा हा प्रकारच राहणार नाही; चोरी थांबेल, लाच थांबेल, सगळं उजेडात येईल. उजेडात कोण येणार हे मात्र ती सांगत नसत. मोठे चोर काय नोटांची पुरचुंडी करून ठेवतात होय? उजेडात येते ती आया.

मावशीचा नंबर म्हणजे तिच्या मुलाचा नंबर होता. पगार बँकेत द्यायचा असं प्रसूतिगृहाने ठरवलं तेव्हा अर्ज मुलाने भरला. तिचा फोन बटणांचा, मेसेज वाचायला चष्मा लागे, म्हणून खात्याला त्याने स्वतःचा नंबर लावला. कार्डही त्याच्याकडे. सोय म्हणून. सोय हा शब्द मोठा लबाड आहे. ज्याची होते तो कधी बोलत नाही आणि जिची केली जाते तिला बोलता येत नाही.

मुलगा वाईट नव्हता. लग्न केलं नव्हतं, आईला सोडून राहिला नव्हता, तिची रक्तदाबाची गोळी संपायच्या आत आणत असे. फक्त एक गोष्ट त्याच्या घशाखाली उतरली नव्हती. धाकट्या बहिणीचं लग्न त्याने आपल्या मित्राशी लावून दिलं होतं, धंद्यातल्या भागीदाराशी. चार वर्षांपूर्वी ती लेकीला घेऊन नवऱ्याच्या घरातून बाहेर पडली. का पडली हे तिच्या पाठीवर दिसत होतं, पण भावाने पाठ बघितली नाही, भागीदारी मोडली तेवढं बघितलं. या घरात तिचं नाव काढायचं नाही, असं त्याने सांगितलं. तिनेही निरोप पाठवला की दादाचा एक पैसा मला नको.

ती पुलापलीकडे एका खोलीत राहत होती, सकाळी एका दुकानात कामाला जायची आणि घरी कपडे शिवून द्यायची. तिचं बँकेतलं खातं नवऱ्यासोबतचं. त्यात काही पडलं की तो काढून घेई. नवं उघडायचं तर राहत्या पत्त्याचा कागद हवा, आणि घरमालक तो द्यायला तयार नव्हता. म्हणजे आई आणि लेक, दोघींचे पैसे दोन पुरुषांच्या मोबाइलमध्ये. उरल्या त्या नोटा.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मावशी घरी ड्यूटी आहे म्हणून सांगे आणि बसने पुलापलीकडे जाई. नऊशे देई. नातीच्या शाळेच्या गाडीचे तेवढे लागत. लेक दर वेळी एकच विचारायची, “हे तुझे ना गं? त्याचे नाहीत ना?” आणि मावशी म्हणायची, माझेच, या हातांचे.

नोटा मिळेनाशा झाल्या तेव्हा तिने कोपऱ्यावरच्या औषधवाल्याशी बोलणी केली. नातेवाइकांनी पैसे त्याच्या मोबाइलवर पाठवायचे आणि त्याने आपल्या गल्ल्यातून नोटा मावशीला द्यायच्या. शंभरातले दहा कापून. दहा कापताना तो दर वेळी म्हणे, तुझ्यासाठी म्हणून करतो हो. सात महिने चाललं. मग त्याच्याही गल्ल्यात नोटा येईनात. मागच्या महिन्यात तो म्हणाला, पैसे नाहीत, माल घेऊन जा. मावशीने नऊशेचा माल नेला. साबण, कापूस, तापाचं औषध, चार बाटल्या खोकल्याच्या. लेक पिशवीत बघून हसायलाच लागली. “आई, दवाखाना टाकू का इथे?” दोघी पोट धरून हसल्या. पण शाळेच्या गाडीवाल्याला खोकला नव्हता. त्याने एक महिना थांबतो म्हणून सांगितलं, आणि तो महिना येत्या रविवारी संपत होता.

म्हणून त्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मावशी जन्मात पहिल्यांदा एकटी बँकेत गेली.

काउंटरवरची मुलगी चांगली होती, हेच नडलं. मावशीने पासबुक पुढे केलं आणि नऊशे मागितले. रोख हल्ली कुणी मागत नाही म्हणून मुलीला जरा आश्चर्य वाटलं, पण देते म्हणाली. मग मावशीने आवाज खाली आणून विचारलं, मेसेज जाईल का गं? मुलगी म्हणाली, जाणारच, तो थांबवता येत नाही. कुठल्या नंबरवर, असं विचारून तिने स्वतःच पडद्यावर पाहिलं. मावशीने तो आपला नंबर नाही हे कबूल केलं. मुलीच्या चेहऱ्यावर काळजी आली. तिला वाटलं, म्हातारीला कुणीतरी लुबाडतंय.

“मग तुमचाच नंबर लावून टाकू ना आजी. दोन मिनिटांचं काम आहे.”

“होईल?”

“होईल की.”

मावशीला वाटलं, इतकं सोपं होतं तर सात महिने मी औषधवाल्याला दहा दहा का कापू दिले. तिने आपल्या बटणांच्या फोनचा नंबर सांगितला. मुलीने तो घातला, बटण दाबलं आणि म्हणाली, आता जुन्या नंबरवर सहा आकडे आले असतील, तेवढे सांगा.

“जुन्या नंबरवर?”

“हो. तुम्हीच बदलताय याची खात्री करायला.”

  कुलूप बदलायचं असेल तर ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याकडून किल्ली आणा, असा हा कायदा. करणाऱ्यांना वाटलं असेल, प्रत्येक बाईच्या हातात तिचा स्वतःचा फोन असतो. त्यांच्या घरातल्या बायकांच्या असेलही.

तिच्या खिशातला फोन वाजला.

“आई, घाबरू नको, नीट ऐक,” मुलगा भरभर बोलत होता. “कुणीतरी तुझ्या खात्याचा नंबर बदलायला बघतंय. तुला कुणाचा फोन आला होता? काही सांगितलंस का?”

“नाही रे.”

“बरं झालं. मी मोबाइलवरून खातं तात्पुरतं बंद केलं आत्ताच. आता कुणाच्या बापाला हात लावता येणार नाही.”

मावशीने काउंटरच्या कडेला धरलं. “अरे, मीच आहे,” ती म्हणाली.

 मग त्याने विचारलं, तू कुठे आहेस? बँकेत, ती म्हणाली. कशाला, त्याने विचारलं. तिने पासबुक पिशवीत टाकलं. संध्याकाळी बोलू, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

काउंटरवरच्या मुलीने पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. खातं बंद झालं होतं. आता नऊशे काय, नऊसुद्धा देता येणार नव्हते. तिने स्वतःच्या पर्समध्ये पाहिलं. त्यात कार्डं होती, नोट एकही नव्हती. सॉरी आजी, असं ती दोनदा म्हणाली. मावशीने तिच्या हातावर थोपटलं आणि ड्यूटीवर परत आली. दुपारी आणखी एक बाळंतपण झालं. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत, असं तिने बाहेर येऊन सांगितलं. त्या घरच्यांनी ऐकलं आणि नुसतीच मान डोलावली. मुलगी झाली ना.

संध्याकाळी मुलगा तिच्याआधी घरी आला होता. ताटं वाढून ठेवली होती. तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने एवढंच विचारलं की माझ्यापासून लपवायचं असं तुला काय लागतं?

तिने सांगितलं. सगळंच सांगितलं. रविवारची ड्यूटी, बस, औषधवाला, खोकल्याच्या बाटल्या. पोटात ठेवून ठेवून तिला कंटाळा आला होता. तो ताटाकडे बघत ऐकत राहिला.

“चार वर्षं तू मला फसवलंस,” तो म्हणाला.

“हो.”

“मी तुझ्या पगारातला एक पैसा खाल्ला असेल तर सांग.”

त्याने मोबाइल तिच्यासमोर धरला. तिने चष्मा लावला. घरखर्च तो स्वतःच्या कमाईतून करत होता. तिचा पगार वर्षानुवर्षं तसाच साठत गेला होता. आकडा तिला एका दमात वाचता येईना. एक एक करत शून्यं मोजावी लागली.

“एवढे माझे?”

“तुझेच. उद्या अंथरुणाला खिळलीस तर कुणापुढे हात पसरायला नको म्हणून ठेवले.”

“मग त्यातले नऊशे दे मला.”

 त्याला दुःख झालं होतं हे तिला दिसत होतं, आणि खरंच झालं होतं. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. असा माणूस समोर आला की बाई काय करणार?

“दुसऱ्या कशासाठीही माग,” तो म्हणाला. “माझं तोंड काळं करून गेली ती. तिला नाही.”

“पैसे माझे आहेत ना?”

“आहेत. मी कुठे नाही म्हणतो? कशाला हवेत एवढं नीट सांग आणि घे.”

“सांगितलं की.”

तो उठला, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. तिने त्याचं ताट झाकून ठेवलं. अठ्ठावीस वर्षांत कुणाच्याही हातून नोट घेताना तिला कुणी कशाला असं विचारलं नव्हतं. नोट देणारा देऊन विसरून जायचा. तिच्या मालकीचं जगात तेवढंच होतं, विसरलेलं.

दुसऱ्या दिवशी मावशी मोठ्या सिस्टरांकडे गेली आणि सकाळची पाळी बदलून दुपारची मागितली. सिस्टर म्हणाल्या, वेडी झालीस का, दुपारची पाळी तर कुणालाच नको असते. म्हणून तर मिळेल, मावशी म्हणाली. मिळाली.

रविवारी बसला ती चढलीच नाही. या महिन्यापासून बसमध्ये नाणी घेत नसत, कार्ड लागे, आणि कार्डात पैसे मुलगाच भरत असे, कुठे उतरली तेही त्याला कळे. पुलावरून चालत जायला सव्वा तास लागला. लेकीने तिचे रिकामे हात पाहिले आणि पाणी दिलं. मावशी पाणी प्यायली आणि म्हणाली की गाडीवाल्याला उद्यापासून येऊ नको म्हणून कळव.

“मग सकाळी हिला शाळेत कोण सोडणार? दुपारी मी आणीन, पण मला सातला दुकानात हजर व्हावं लागतं.”

“मी सोडीन.”

“तू? रोज? येणार कशी?”

“पाय आहेत.”

लेक म्हणाली, साठीला आलीस, गुडघे बघ तुझे. मावशी म्हणाली, गुडघे माझेच आहेत, त्याचे नाहीत. यावर लेकीला हसू आलं नाही. ती मशीनसमोर बसून राहिली, पाठ करून.

सोमवारी मावशी पाच वाजता घरातून निघाली. मुलगा जागा होता. त्या संध्याकाळपासून दोघांत कामापुरतंच बोलणं होतं. कुठे, त्याने विचारलं. चालायला, ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. त्याला बरं वाटलं असावं. गुरुवारी त्याने स्वतःचा जुना मोबाइल तिच्यासमोर ठेवला आणि सांगितलं की यात रोजची पावलं मोजता येतात, कुठून कुठे गेलीस तेही दिसतं, खिशात ठेवत जा. तिने बरं म्हटलं. सकाळी तो फोन तिने स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवला.

नातीला शाळेच्या फाटकाशी सोडलं की साडेसात होत. पोरीच्या वर्गातल्या मुली गाड्यांतून उतरत. फाटक जवळ आलं की पोर आजीचा हात सोडून दहा पावलं पुढे चालायची. मावशीला कळायचं, ती काही म्हणत नसे. पोर आत गेली की मावशी उलटी फिरायची. पुलावर चढण्याआधी एक थांबा होता. तिथे ती खांबाला टेकून एक एक पाय उचलून धरी, त्याला जरा आराम देई. बस येऊन थांबे. त्याच वेळेची बस, तोच ड्रायव्हर. थांब्यावर दुसरं कुणी नसे, म्हणून तो फक्त तिच्यासाठी दार उघडायचा आणि वाट बघायचा.

मावशी हाताने त्याला पुढे जा म्हणून खूण करायची. दार बंद व्हायचं, बस पुलावर चढायची, आणि मग तिच्या मागून ती.