मोजणीबाई

“आल्या मोजणीबाई,” दार उघडता उघडता थोरली आत बघून ओरडली. “आई, सरळ बस गं, माप घ्यायला आल्यात.”

मोजणीबाई हसली. हे नाव थोरलीनेच ठेवलेलं, आणि एव्हाना अंगवळणी पडलेलं. गेली चार वर्षं दर वर्षी ठरलेल्या महिन्यात ती टॅबलेट घेऊन या दीड खोलीत यायची; त्याआधी दुसरं कुणी यायचं. एकाच वर्षी जन्मलेली दोन हजार मुलं तिच्या संस्थेने निवडली होती. ती पंचवीस वर्षांची होईपर्यंत त्यांचा मागोवा घ्यायचा होता. आईबापांच्या पुढे कोण सरकतं, कोण तिथल्या तिथेच राहतं, आणि करांचे, सवलतींचे नियम त्यात किती हात देतात, किती आडवे येतात, हे शोधायचं होतं. या घरातली धाकटी त्या दोन हजारांत होती. थोरली तिच्याआधी जन्मली, म्हणून नव्हती.

नियम एकच होता, आणि पहिल्याच दिवशी अभ्यासाच्या प्रमुख सरांनी तो सगळ्यांकडून वदवून घेतला होता. विचारायचं, नोंदवायचं, पण सांगायचं काही नाही.

आई शिलाई मशीनशी बसून बॅगांना चेन लावत होती. खोलीच्या टोकाला पडदा होता, पडद्यामागे खाट, खाटेवर आत्या. चार वर्षांपूर्वी लकव्याने तिची एक बाजू गेली, तेव्हापासून ती तिथेच. बाबा कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. ते या वेळी कधीच घरी नसत.

“हं, विचारा मॅडम,” आई दाताने दोरा तोडत म्हणाली. “घर तेच, माणसं तीच. बदललं असेल तर तुमच्या यंत्राला माहीत.”

मोजणीबाईने एकेक प्रश्न घेतला. मधूनच तिची नजर मोबाइलकडे जायची. पाळणाघरातून फोन नव्हता. सकाळी लेकीचं अंग किंचित कोमट लागलं होतं, आणि तेवढं पुरे होतं तिला दिवसभर पोखरायला.

“धाकटीचा पुढचा विचार काय?”

“पॅकिंगमध्ये लावतोय. माझी मावसबहीण आहे तिथे.”

“पण तंत्रशाळेत नंबर लागला होता ना?” हे प्रश्नावलीत नव्हतं. तोंडून गेलं.

“लागला की. फी माफी नाही मिळत.” आईने मशीन थांबवलं. “यांनी वर्षभर ओव्हरटाइम केला. उत्पन्नाचा आकडा मर्यादेच्या वर गेला. जरासाच, पण वर गेला.”

“बाबा तिथे गोठले आणि आम्ही इथे श्रीमंत झालो,” थोरली म्हणाली. लॉन्ड्रीत चादरी इस्त्री करून तिच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत चट्टे पडले होते. “माझ्या वेळीही हेच झालं होतं. आमच्याकडे श्रीमंती नेमकी प्रवेशाच्या वेळेस येते.”

बिघडलेल्या चेनचा रनर पकडीने दाबून सरळ करत धाकटी बसली होती. केला, चेन दोनदा ओढून पाहिली, आणि पुढची उचलली.

मोजणीबाईला सवलतींच्या नियमांतलं एक कलम माहीत होतं. घरात अंथरुणाला खिळलेलं किंवा कायमचं आजारी माणूस असेल, तर त्याच्या औषधपाण्याचा खर्च उत्पन्नातून वजा होतो. फक्त तसा अर्ज करावा लागतो. गेल्याच वर्षी तिने तो केला होता. सासऱ्यांच्या डायलिसिसचा खर्च वजा करून लेकीला सवलतीच्या पाळणाघरात जागा मिळवली होती. अर्ज भरला होता जेवणाच्या टेबलाशी बसून, भाजी शिजेपर्यंत. त्याबद्दल कोणी तिला मुद्दाम बोलावून सांगितलं नव्हतं. तिच्या ऑफिसात असली कलमं चहाबरोबर फिरायची.

आणि इथे पडद्यामागे आत्या होती.

सरांचं म्हणणं ती विसरली नव्हती. ‘आपण ज्यांना भेटतो त्यांना आपणच हात दिला, तर मग आपण मोजलं काय? आपलंच येणं-जाणं. हा आकडा स्वच्छ राहिला तर उद्या नियम बदलेल, लाखो मुलांसाठी बदलेल.’ तिला ते पटलं होतं. आजही पटत होतं. पंचाईत तीच होती.

शेवटचा प्रश्न आला. त्यासाठी शिडीचं चित्र होतं, दहा पायऱ्यांचं.

“ताई, तुम्ही आज कुठल्या पायरीवर आहात असं वाटतं? आणि धाकटी तुमच्या वयाची होईल तेव्हा कुठे असेल?”

आईने चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “तुम्ही शिकलेल्या. चार वर्षं आमचं सगळं लिहून नेता. तुम्हीच सांगा, कुठे असेल?”

खोलीत पडद्यामागचा आत्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मोजणीबाईने टॅबलेट बंद केला आणि पिशवीत घातला.

“आत्यांच्या औषधांचा खर्च तुमच्या उत्पन्नातून वजा करता येतो,” ती म्हणाली. “डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज करायचा. मग तुम्ही मर्यादेच्या खाली येता. मुदत अजून गेलेली नाही.”

धाकटीच्या हातातली पकड थांबली.

“हा नियम नवा आहे?” थोरलीने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर सगळे खूश झाले असते.

“नाही. जुना आहे.”

“म्हणजे माझ्या वेळी होता.”

“हो.”

“आणि त्या वर्षी तुम्ही इथेच बसला होतात. याच खुर्चीवर. शाळा का सोडली म्हणून मला विचारलंत, मी सांगितलं, तुम्ही लिहून घेतलंत.”

“हो,” मोजणीबाई म्हणाली. “आम्हाला सांगायची परवानगी नाही.” बोलताच तिला स्वतःचेच शब्द पोकळ वाटले.

“आज आहे?”

“आजही नाही.”

थोरली उठली, चट्ट्यांवरून बाह्या खाली ओढल्या आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. आईने तोंडाला पदर लावला. तेवढ्यात पडद्यामागून आत्याचा जडावलेला आवाज आला.

“माझ्यामुळे मिळेल म्हणता?”

“हो, आत्या.”

“मी इतकी वर्षं समजत होते, माझ्या गोळ्यांपायी पोरीची शाळा गेली.” पुढचे शब्द नीट उमटले नाहीत. मग थोड्या वेळाने, “पोरी, ऐकतेस ना? माझ्यामुळे नव्हती गेली.”

थोरली कोणाकडे न बघता पडद्याआड गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी मोजणीबाईने सरांना सगळं सांगितलं. सर चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“जन्मापासूनचा धागा होता गं त्या घराचा,” ते म्हणाले. “आता ते घर वगळावं लागेल. मुलीचं भलं होऊ दे, मनापासून म्हणतो. पण आपल्या हिशेबात ती उरली नाही. आणि बाकीच्या घरांचं काय करशील? तिथेही सांगत सुटशील?”

“नाही माहीत, सर.” खरंच माहीत नव्हतं. “ही कलमं अशा घरांपर्यंत पोचतच नाहीत, हे आपल्या अहवालात येईल ना?”

“येईल. अभ्यास पुरा झाल्यावर.”

म्हणजे धाकटी पंचवीस वर्षांची झाल्यावर. तिने मनातल्या मनात स्वतःच्या लेकीचं तेव्हाचं वय काढलं आणि मान खाली घातली. तिला घरोघरी जाण्याच्या कामावरून काढून आकडेवारी तपासायला बसवलं. तेही योग्यच होतं.

वर्षभराने, तोच महिना लागला तेव्हा, तिला राहवेना. रिकाम्या हातांनी गेली. दार थोरलीनेच उघडलं.

“मोजायला आलात?”

“नाही. तुमचं घर आता मोजणीत नाही.”

“मग?”

“धाकटी कशी आहे?”

“तंत्रशाळेत आहे. सकाळी जाते ती अंधार पडता येते. तेलाने हात काळे करून घेते आणि खूश असते.” थोरली दारातून बाजूला झाली नव्हती. हातांवरचे चट्टे वाढले होते. “एक विचारू? माझ्या वयाच्या, मधेच सोडलेल्या माणसासाठी आहे का एखादं कलम?”

“मला माहीत नाही,” मोजणीबाई म्हणाली. “शोधावं लागेल.”

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. क्षमा केल्यासारखं त्या नजरेत काही नव्हतं. मग ती बाजूला सरकली, आतली खुर्ची पायाने पुढे ढकलली, आणि मशीनवरच्या कागदांतला एक कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन समोर बसली.

“बसा,” ती म्हणाली. “या वेळी मी विचारते, तुम्ही सांगा.”