लाळेरं बांधलेल्या देवाचं वळण

टोकियोतल्या ओजिमाच्या त्या बागेत एक आख्खं गाव होतं, लहान मुलांसाठी केलेलं. रस्ते गल्लीबोळाएवढे, झेब्राचे पट्टे टॉवेलाएवढे आणि सिग्नल नुपूरच्या खांद्याला लागतील इतके बुटके. पण खरेखुरे, लाल-हिरवे होणारे. रेल्वेचं फाटकसुद्धा होतं, रेल्वे तेवढी नव्हती. पलीकडच्या मैदानावर बेसबॉलचा सराव चाले, घसरगुंडीवरून कोणी ना कोणी सतत खाली येत असे. ऑक्टोबरात कुठल्याशा झाडाच्या बारीक केशरी फुलांचा वास असा भरून राही, की आपण जागे आहोत ना, असं नुपूरला मधूनमधून स्वतःला विचारावंसं वाटे.

नुपूर पंधरा वर्षांची. चार वर्षांपूर्वी बाबांच्या कंपनीने सगळ्यांना पुण्याहून टोकियोत आणलं, तेव्हा ती वर्गात तोंडही उघडत नसे. सत्त्याण्णव साल उजाडलं आणि तिच्या जपानीला पंख फुटले. ते पंख ती जिथेतिथे फडफडवत असे. तिच्या आईच्या, स्नेहलताच्या, मुलाखतीतही फडफडवले.

मुलाखत जेवणाचे डबे भरणाऱ्या कारखान्यात होती आणि दुभाषी नुपूर. पहाटे साडेपाचला हजर व्हायचं, त्या वेळी बस नसते, सायकल येते ना, असं तिथल्या बाईंनी विचारलं. आईला विचारून सांगायचं एवढंच काम होतं. नुपूरने विचारलंच नाही. आई पुण्याची आहे, तिथे सायकल न येणारं माणूस शोधून सापडणार नाही, असं ठोकून दिलं. बाई हसल्या, शिक्का मारला. त्या एवढ्या का हसल्या, हे आईने फाटकाबाहेर आल्यावर विचारलं, आणि उत्तर ऐकून रस्त्यातच उभी राहिली.

“मला सायकल येत नाही, नुपूर.”

“पण तू पुण्याची आहेस ना?”

“आहे की. म्हणून काय पायडल मारत जन्माला आले?”

ते काम आईला हवं होतं. चार वर्षं घरात बसून तिने भिंतींशी गप्पा मारल्या होत्या. पाऊण तास चालत जा, असं बाबांनी सुचवलं, तर आईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. म्हणून आठवडाभर रोज दुपारी दोघी या बागेत येत होत्या. इथे सायकली फुकट मिळत, पण फक्त मुलांना. मोठ्या माणसाने सोबत असायचं, असा नियम होता. हिरव्या टोपीचे रखवालदार ओकादा-सान तो नियम दोनदा वाचून म्हणाले होते, की दोघींपैकी सीटवर कोणी बसायचं हे यात लिहिलेलं नाही.

आज रविवार. उद्या कामाचा पहिला दिवस, आणि बाग साडेचारला बंद.

सरळ रस्त्यावर आई छान जाई. नुपूर कॅरिअर धरून धावे, ढकलून हळूच सोडून देई, आणि आई तरंगत निघे. रेल्वेचं फाटक ओलांडून पुढे जाई आणि शेवटच्या वळणावर धाडकन आडवी. रोज तिथेच. नुपूरने उताराला दोष दिला, पाल्याला दिला, डोळ्यांवर येणाऱ्या उन्हाला दिला. आईच्या गुडघ्यावर हळदीचा लेप चढत गेला.

आज मात्र ढकलून दिल्यावर नुपूर मधल्या वाटेने पळत पुढे गेली आणि वळणावर समोरून बघत उभी राहिली. आई आली. चेहरा शांत, पदर खोचलेला. मग तिची नजर कुंपणापलीकडे गेली. तिथे गवतात एक दगडी देव होता, गोल चेहऱ्याचा, गळ्यात लाल लाळेरं बांधलेला. आईचा उजवा हात अलगद हँडलवरून उठला, कपाळाला लागला, छातीला लागला. आणि आई पडली.

“हात कुठे गेला होता तुझा?”

“कुठे?”

नुपूरने स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवला. आई रस्त्यात बसल्याबसल्याच हसायला लागली. पुण्यात स्कूटरवर मागे बसून किती वर्षं गेली, शनिपारापासून सारसबागेपर्यंत एकही देऊळ चुकवलं नाही. तेव्हा हात मोकळे असायचे ना, म्हणाली.

मग त्याच्याकडे बघू नकोस, नुपूर म्हणाली. तो बघतो त्याचं काय, आईने विचारलं. मनातल्या मनात कर, असं ठरलं. आईने ते मनापासून करून पाहिलं. हाताला मात्र कोणी कळवलं नव्हतं. या वेळी डाव्या अंगावर पडली.

चार वाजून दहा मिनिटं झाली. ओकादा-सान आले, काय झालं म्हणाले. नुपूरच्या जिभेवर सगळी गोष्ट तयार होती. तिने ती गिळली आणि आईकडे वळली.

“सांगू त्यांना?”

“सांग.”

तिने सांगितलं. ओकादा-सान हसले नाहीत. त्यांनी खिशातून खडू काढला आणि देवाच्या समोर रस्त्यावर जाड पांढरी रेघ ओढली. आजपासून या गावात इथे थांबायचं, म्हणाले. सगळ्यांनी. पाय टेकवून.

उपाय सोपा होता आणि तोच भयंकर होता. थांबलेली सायकल स्वतःहून सुरू करणं आईला एकदाही जमलं नव्हतं. ढकलायला नेहमी नुपूर असे. पहाटे साडेपाचला कोण ढकलणार?

नुपूर शेवटचं एकदा ढकलून रेघेकडे धावायला निघाली, तशी जाताजाता आई म्हणाली, “तू येऊ नकोस.”

आई रेघेवर थांबली. पाय टेकवला. दोन्ही हात जोडले आणि घाई नसल्यासारखे बराच वेळ जोडून ठेवले. तिच्यामागे तीन चाकांवरची एक चिमुरडी आली, रेघ बघून थांबली आणि तिनेही हात जोडले. नुपूरचे पाय आपोआप पुढे ओढ घेत होते; तिने सिग्नलच्या खांबाला घट्ट मिठी मारली.

आईने एक पायडल वर घेतलं. दाबलं. सायकल डावीकडे गेली, उजवीकडे गेली, कुंपणाला विचारून आली आणि सरळ झाली.

केशरी वासातून, बुटक्या सिग्नलांमधून आई येत होती. पडत नव्हती. बाग बंद होण्याचं संगीत सुरू झालं होतं, ओकादा-सान बागेच्या सर्वांत लांबच्या दारापासून कुलपं लावायला निघाले होते. नुपूरला जपानीत, मराठीत, सगळ्यातच एकदम काहीतरी म्हणायचं होतं. पण आईच शेजारून जाताना, नजर रस्त्यावरून न काढता बोलली.

“उद्यापासून तुझा डबा तुझा तू भरायचास.”

आणि रेल्वेचं फाटक ओलांडून पुढे गेली.