उसना जीव

बाबांनी नव्या व्हिडिओ खेळातल्या बाईला ओढ्याकाठी उभं केलं, रिमोट मांडीवर ठेवला आणि चष्मा कपाळावर सारून पडद्याला नाक लावलं.

“हिच्या झग्याला शिवणच नाही गं कुठे. घातला कसा असेल?”

“बाबा, तुम्ही चाला ना पुढे. गवत बघा, वाऱ्यानं कसं लवतंय.”

“गवत झकास आहे. गवताला नावं ठेवत नाही मी.”

भिंगरी हसली, पण तिचं अर्धं लक्ष कापडं बेतायच्या टेबलावर होतं. तिथे कात्री आणि खडूच्या मध्ये तिचा फोन पालथा पडला होता. दुपारच्या सुट्टीत दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं. त्याखालून उन्हाची एक पट्टी शिवणयंत्राच्या पायट्यापर्यंत आली होती. दुसऱ्या शहरातल्या कचेरीचा फोन येणार होता. काम ती इथे करते तेच, आवडीचं, फक्त मोठं: अर्धे-कच्चे खेळ खेळून बघायचे आणि माणसं कुठे रमतात, कुठे कंटाळतात ते सांगायचं. बाबांना एकटं टाकून जायचं तिच्या जिवावर आलं होतं. त्यांचा अंगठा हल्ली सकाळी आखडतो, हेही तिने पाहिलं होतं. म्हणून तिने मनाशी एक तोड काढली होती. बाबांना हा नवा खेळ लागला, तर ती तिकडून आणि ते इकडून, रोज संध्याकाळी दोघं एकाच माळावर भेटतील. मग हो म्हणता येईल.

तिची बाई टेकडी चढून पलीकडे गेली. मागे रेंगाळलेली बाबांची बाई एकाएकी दिसेनाशी झाली आणि तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. वर सोनेरी अक्षरं उमटली: शाब्बास!

“हे काय? मी तर फुलं बघत होतो.”

“तुम्ही मागे राहिलात ना, म्हणून खेळानंच आणलं तुम्हाला. म्हणजे पुढच्याला थांबायला नको.”

“बकोट धरून? मला विचारायचं तरी. आणि वर शाब्बास! मी केलं काय?”

“लोकांना आवडतं हो. थांबणं कोणालाच आवडत नाही. आमच्याकडे पहिली तक्रार तीच असते.”

“मग दोघांनी खेळायचं कशाला?”

बाबा उठले. चिंध्यांच्या गाठोड्यामागून त्यांनी खेळाचं जुनं यंत्र काढलं, अस्तराचा तुकडा दुमडून कॅसेटच्या तोंडात फिरवला, आणि शर्टाला काज करावं तितक्या हलक्या हाताने ती खाचेत बसवली. पडद्यावर दोन चौकोनी माणसं उगवली, एक लाल, एक निळा. नाक नाही, डोळे नाहीत. तरी भिंगरीला निळा म्हणजे बाबा हे लहानपणापासून पाठ होतं. तेव्हाचं गाणंही ओठांवर आलं:

एक उडी तुझी, एक उडी माझी,
मागे पडेल त्याची वाट बघायला मी राजी.

वाट बघावीच लागे. दोघं कडेला पोचल्याशिवाय पडदा पुढे सरकतच नसे. लहानपणी तिला त्याचा कोण संताप यायचा. आणि जीव मोजके. एकाचे संपले, तर त्याने तांबडं बटण दाबून दुसऱ्याकडून एक उसना घ्यायचा. तिने बाबांचे ढीगभर जीव उसने घेतले होते. बाबांनी तिचा कधी घेतला नाही.

तेवढ्यात शटरखालून आत्या वाकून आत आली. समोरच्याच गल्लीत तिचं घर. भावाच्या डब्यावर तिचा पहारा असे.

“झालं सुरू बापलेकीचं! डबा तसाच. अगं, फोन आला का तुझा?”

“यायचाय.”

“हो म्हण गं बाई. ह्याची काळजी करू नकोस. ह्याचं मशीन काय, ठेवशील तिथे खडखडेल.”

“तू गप गं,” बाबा म्हणाले. “दरी आली.”

दरीवरचा लाकडी पूल आला. इथे फळ्या मागून गळत येत. एक जण अडला तर पडदा अडे आणि दोघंही खाली जात. बाबा दर वेळी इथेच पडायचे. त्यांचा शेवटचा जीव गेला की पडदा मोकळा व्हायचा, भिंगरी धावत सुटायची, राजवाड्याच्या दारात पोचायची, आणि बाबा तिच्याहून जोरात टाळ्या वाजवायचे.

आताही निळा माणूस काठाशी आला, थबकला आणि खाली गेला. त्याचा शेवटचा जीव होता.

“पळ!” बाबा म्हणाले. “पळ भिंगरे, मोकळी आहेस तू!”

“कमाल आहे,” आत्या म्हणाली. “दिवे गेले तरी सुईत दोरा ओवतो हा माणूस. आणि इतकी वर्षं झाली, एवढीशी उडी जमत नाही.”

भिंगरीचा अंगठा थांबला. तिने बाबांच्या हातांकडे पाहिलं. अंगठा आखडलेला नव्हता. तो उडीच्या बटणाच्या बाजूला, मुद्दाम घडी घालून ठेवल्यासारखा टेकला होता.

मागची फळी गळली. तिने हात लांब करून बाबांच्या रिमोटवरचं तांबडं बटण दाबलं.

“अगं! तुझा एकच राहिला!”

निळा माणूस लुकलुकत तिच्या शेजारी उभा राहिला.

“आता पडलात,” ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, “तर मी पळणार नाही. तुमच्या मागून खाली येईन.”

बाबांनी चष्मा नाकावर घेतला. मग निळ्या माणसाने उडी मारली. लांब, स्वच्छ, कापडावर एका दमात कात्री चालावी तशी. लाल माणूस त्याच्या मागोमाग गेला.

“अगोबाई!” आत्या म्हणाली. “जमली की!”

टेबलावर फोन थरथरू लागला. भिंगरीने तो उचलला.

“हो, मीच बोलतेय... हो, येणार आहे.” तिने बाबांकडे पाहिलं. “राहायची सोय तुम्ही करणार होतात ना? एक खोली पुरणार नाही. आम्ही दोघं आहोत. आणि एक शिवणयंत्र.”

आत्याने डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

बाबा पडद्याकडेच बघत होते. मग निळा माणूस चालू लागला. पडद्याच्या कडेशी पोचला आणि तिची वाट बघत उभा राहिला.