नागम्मा पाणी पीत नाही

बेगमबी सिस्टरचं डोकं फिरलं की अख्ख्या वॉर्डाला कळायचं. त्या दिवशी तर ते सकाळपासूनच फिरलेलं होतं, आणि कारण एकच: कोपऱ्यातल्या खाटेवरची म्हातारी, नागम्मा.

भूकंप होऊन चारच दिवस झाले होते. लातूरच्या सरकारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून जवळच्या बारावीच्या शिकवणीचा हॉल रिकामा करून तिथं वॉर्ड थाटला होता. बाकं व्हरांड्यात गेली, खाटा आत आल्या. फळ्यावर रसायनशास्त्र अर्धवट लिहिलेलं होतं, ते पुसायला वेळ कुणाला? क्लासवाले मात्र रोज येऊन विचारायचे, हॉल कधी मोकळा होणार, पोरांचं वर्ष जाईल. "तुमचं वर्षच जातंय ना? ह्यांची गावंच्या गावं गेली," असं बेगमबीनं त्यांना तोंडावर सुनावलं होतं.

नागम्माला किल्लारीकडच्या एका गावातून आणलं होतं. मांडीचं हाड मोडलेलं, त्यात ती मांडी धोंड्याखाली चिरडलेली. पुण्याहून मदतीला आलेले तरुण डॉक्टर सोहोनी म्हणाले होते, "सिस्टर, हिच्या पोटात भरपूर पाणी जायला हवं. नाहीतर चिरडलेल्या मांसाचं विष मूत्रपिंडं बंद पाडेल, मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही." म्हातारी वाटेतच बेशुद्ध झाली होती, तोवर सलाईन गेलं. शुद्धीवर आली आणि तिनं सुई उपटून टाकली. तेव्हापासून पाण्याचा घोट नाही. पेला पुढं केला की तोंड फिरवायची आणि कानडीत एकच शब्द, "ब्याड." नको. मधूनच म्हणायची, "गावाकडं न्या." पण ते तर वॉर्डातला जो तो म्हणत होता.

बेगमबी मूळची उदगीरची. तिच्या माहेरच्या भिंतीला भिंत लागून लिंगायतांचं घर होतं. म्हातारीचा रिकामा गळा पाहिला आणि तिनं ठरवून टाकलं, काय झालंय ते.

"साहेब, हिच्या गळ्यातलं लिंग ढिगाऱ्यात गेलंय. तळहातावर घेऊन त्याची पूजा केल्याबिगर हे लोक पाण्याला शिवत न्हाईत."

"मग एखाद्या देवाचा फोटो आणून ठेवा ना समोर."

बेगमबीनं कपाळावर हात मारला. "फोटो काय करायचाय, साहेब? जंगम आणावा लागतो, म्हंजे त्यांचा स्वामी. लिंग त्यानं बांधायचं असतं."

"मला तर हा मानसिक धक्का वाटतोय," म्हणत डॉक्टरांनी खांदे उडवले. बेगमबी निघाली. पण जंगम काय बाजारात मिळतो? ज्याच्या त्याच्या दारात एकच उत्तर, स्वामी गावांकडं गेलेत, माती द्यायला. शेवटी गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत वीरण्णा स्वामी सापडले, ते पण गुडघे धरले होते म्हणून घरी.

"शरणार्थ, स्वामी. चला माझ्यासंगं."

"अगं बाई, मला जिना उतरवंना."

"मी उतरवते. पाठीवर घेऊ का?"

त्या बाईच्या तोंडाला लागण्यापेक्षा जिना बरा, असं स्वामींना वाटलं असावं. रिक्षात बसून ते कण्हत-कुंथत आले. त्यांनी नागम्माच्या कपाळाला विभूती लावली, कानात मंत्र सांगितला, नवं लिंग तिच्या तळहातावर ठेवलं आणि मग गळ्यात बांधलं. नागम्मानं ते मुठीत घट्ट धरलं. तिचे डोळे भरून आले. सगळा वॉर्ड माना उंचावून बघत होता. बेगमबी तर अशी खूश, जणू लढाईच जिंकली. तिनं पेला पुढं केला.

"घ्या अम्मा. आता प्या."

नागम्मानं तोंड फिरवलं. "ब्याड."

"या अल्ला!" बेगमबी एवढ्यानं ओरडली की शेजारची बाळंतीण दचकून उठली. "अजून काय पायजे तुला? गावभर वणवण करून स्वामी आणले, त्यांचे गुडघे फोडले, आन तू पुन्हा ब्याडच? माझ्या डोक्याला ताप देऊन काय मिळतंय तुला?"

स्वामींनीही समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. ते हात जोडून निघून गेले.

"मी म्हणालो होतो तुम्हाला," डॉक्टर म्हणाले, "तिला मानसिक धक्का बसलाय. वाट बघण्यात अर्थ नाही. सुईसाठी आता शीरही सापडत नाहीये. नाकातून नळी घालू. हात बांधा तिचे."

बेगमबी पट्टी घेऊन आली. एवढं करून शेवटी हेच करायचं होतं, तर मी कशाला मेले पळापळ करून? म्हातारीचं मनगट तिनं खाटेच्या दांडीला लावलं आणि गाठ मारता मारता फणकारून म्हणाली, "एवढं मरायचंच हाय का गं अम्मा तुला?"

"मरायचं भ्या न्हाई," नागम्मा म्हणाली. "मेल्यावरचं भ्या वाटतंय."

बेगमबीचा हात थांबला. "म्हंजे?"

"हितं मेले की तुमी जाळता. मला गावाकडं न्या. तिथं पानी पीन, आन मेले तर माझ्या शेतात पुरत्याल. आमच्यात जाळत न्हाईत, बाई. माझ्या लेकाला, संगमेशला जाळलं. मी बाजंवर पडून बघत राहिले. धा-पंधरा मानसं एकावर एक, वरून डिझेल. पुरा म्हनून वरडले मी. त्याच्या गळ्यात लिंग हाय म्हनलं. म्हनले, रोगराई हुईल, आजी, येळ न्हाई."

दोन दिवस म्हातारी गावाकडं न्या म्हणत होती, आणि 'का' म्हणून बेगमबीनं एकदाही विचारलं नव्हतं. मला सगळं ठावं हाय, मी उदगीरची! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला. तिनं पट्टी सोडली.

"तुमच्यात बी पुरतात न्हवं?" नागम्मानं विचारलं.

"व्हय."

"आमच्यात बसवून पुरतात. लिंग हातात ठिवून."

"ठावं हाय. माझा धाकटा भाऊ, रियाज, मोहल्ल्यात मयत झाली की खोदायला पहिला असतो. त्यो खोदंल. स्वामी सांगत्याल तसा खोदंल. आन तुला कुनी जाळाया आलं, तर मी आडवी पडंन."

"तू नर्स. त्यो डाक्टर म्हनंल ते हुईल."

हे खोटं नव्हतं. बेगमबी डॉक्टरांकडं गेली आणि म्हातारीला न जाळता पुरायचा शब्द मागितला.

"सिस्टर, वेड लागलंय का? आपण तिला वाचवायला बसलोय आणि तुम्ही पुरायच्या गोष्टी करताय! आणि वरचा आदेश असेल तर मी कोण?"

"तुमी डॉक्टर हाव. ती तुमच्या शब्दाला अडून राहिलीय, साहेब. देणार असाल तर चला, नसाल तर नळी तुमच्याच हातानं घाला. मी हात बांधणार न्हाई."

नोकरी जाईल की राहील, हा विचार तिला तेव्हा सुचलाच नाही. डॉक्टर तिच्यामागून निघाले. मग खाटेपाशी जाऊन उकिडवे बसले.

"आजी, तुम्ही बऱ्या होणार आहात. पण काही झालंच, तर तुम्हाला कुणी जाळणार नाही. पुरतील. मी स्वतः उभा राहीन. कुणाचाही आदेश असो."

नागम्मानं त्यांच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. मग हात पुढं केला. बेगमबीनं पेला दिला. म्हातारी सगळं पाणी प्याली, एका दमात, हनुवटीवरून ओघळ गळ्यावर गेले. दुसरा पेलाही प्याली. डॉक्टरांनी श्वास सोडला.

"ऑपरेशन करा म्हनावं," नागम्मा बेगमबीला म्हणाली. आणि मग डॉक्टरांकडं वळून, अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "माझ्यासाठी खड्डा खोदता येतोय, तर माझ्या लेकासाठी का न्हाई खोदला?"

बेगमबीनं तिसरा पेला भरला.