डंगरीतली ओटी

नेमकी गाडीत बसायची वेळ, आणि माझ्या विहीणबाईंनी, आक्काबाईंनी, फर्मान सोडलं. "ओटी भरल्याबिगर सून उंबरा ओलांडनार नाय. आन् ओटी लुगड्यातच."

सायली माझी एकुलती एक. सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी मनमाडहून तिला न्यायला मखमलाबादला आले होते. परकराच्या नाडीनं तिच्या कमरेला पुरळ उठून कातडी सोललेली. घट्ट काही बांधायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून पोरगी डंगरीत. निळी, ढगळ, खांद्यावर पट्टे. आणि ओटी घ्यायला पदर लागतो!

"वरून ओढणी घेते ना," सायली म्हणाली.

"ओढणी म्हंजे पदर नाय."

शेजारणी ताट धरून उभ्या. जावई मोबाइलमध्ये तोंड खुपसून. मला असा राग आला!

सायलीनं सासूची समजूत घालायला घेतली. "आई, डंगरी हा शब्द आपल्याकडचाच आहे. मुंबईच्या डोंगरीत जाडंभरडं कापड मिळायचं, त्याला डोंगरीच म्हणायचे. इंग्रजांनी त्याचं डंगरी केलं. खलाशी, मजूर घालायचे."

झालं! आगीत तेल. "म्हंजे हमालाचं कापड? माझ्या सुनंनं हमालाचं कापड घालून ओटी घ्यायची?"

माझं डोकंच सटकलं. "हो, हमालाचं! मग आत्ता या घरात ओझं कोण वाहतंय? तुम्ही का मी? सात महिन्यांत क्षणभर तरी खाली ठेवलंय का तिनं? चल गं सायली, राहू दे ती ओटी."

बोलून तर गेले. ओटीशिवाय निघालो, तर हे दार पोरीला परत उघडेल का? सायली जागची हलेना. तिचे डोळे भरले होते.

आक्काबाई तरातरा पुढं आल्या. मला वाटलं, आता हात उगारतात. तर त्या सायलीला खेटून उभ्या राहिल्या आणि स्वतःचा पदर तिच्या पोटापुढं पसरला.

"भरा विहीणबाई. हिचा पदर मी."

माझ्या ओंजळीतले तांदूळ सांडले. खण, नारळ, हळकुंड, कसंबसं सगळं भरलं. मला रडू आवरेना.

आक्काबाईंनी पदराला गाठ मारून तो कमरेला खोचला. सायलीनं ओटी घ्यायला हात पुढं केला, तर म्हणाल्या, "थांब. ओटी माझ्याकडं हाय, तवा मी बी येनार मनमाडला." मग आवाज एकदम बसला. "तू नजरेआड झाली की मला घास जात नाय."

अगं बाई! एवढ्यासाठी हा सगळा खोळंबा!

"बसा पुढं, ऐसपैस," मी म्हणाले.

"मागं बसते," त्या म्हणाल्या. "हिच्याजवळ."