निवडलेल्या जवारीतले खडे

मित्रांनो, बेला गावच्या सोनाबाईच्या खुंटीवर टांगलेले जुने सूप ते मीच. बुरडाने माझी कड आवळून बांधली, म्हणून अजून टिकलो आहे. मला खोड एकच, माझ्यात पडेल त्याची चौकशी करायची. हे धान्य कुणाच्या शेतातले? हा खडा कुठून आला? सोनाबाईने निवडलेल्या जवारीत दाताखाली खडा येत नाही, असे गल्लीत म्हणत. त्या कौतुकात थोडा वाटा माझाही होता.

एका वर्षी रेशन कार्डांची तपासणी झाली. सोनाबाई तेव्हा नातींना घेऊन लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. घराला कुलूप दिसले आणि तिचे नाव कटले. कंट्रोलचे तांदूळ बंद झाले. ऑफिसात खेटे घातले, तर पुढच्या महिन्यात या म्हणत. घरात दोन लहान नाती आणि डब्यांत खडखडाट. शेजारच्या रेणुकाबाईने भाकरी पाठवली, ती तशीच परत गेली. फुकटचे खाणे सोनाबाईला ठाऊकच नव्हते.

मग रेणुकाबाई टोपलीभर जवारी घेऊन आली. कंबर धरली आहे, एवढी निवडून दे, चौथा वाटा तुझा, म्हणाली. पाठोपाठ देवकाबाईचे डोळे अधू झाले. दुकानदार अमृतरावांच्या घरीही कुणाला सवड उरली नाही. अख्खी गल्ली एकदम कशी आजारी पडली, याचे मला मोठे नवल वाटले. त्याहून नवल म्हणजे, कितीही पाखडले तरी फोल उडेना, खडा सापडेना. निवडलेले धान्य पुन्हा निवडायला कोण पाठवते?

सोनाबाईचाही हात थांबला. तिने रेणुकाबाईला हाक मारली.

"काऊन वं रेणुका, ह्या जवारीत एकबी खडा नाही?"

"असन वं एखादा. नीट पाय."

माझा जीव टांगणीला लागला. टोपली परत गेली तर पोरींच्या ताटात काय पडणार?

दुसऱ्या दिवसापासून मात्र खडेच खडे. देवकाबाईच्या जवारीत अंगणातला मुरूम, आणि अमृतरावांच्या तांदळात तर रस्त्याची बोराएवढी गिट्टी! सोनाबाई ती गिट्टी हातात घेऊन पोट धरून हसली. मग तिने पदर डोळ्यांना लावला.

"लोकाईनं माह्यासाठी खडे येचून आणले," ती नातींना म्हणाली. "आता कशी वापस करू?"

त्या दिवशी तिने चौथा वाटा काढून चूल पेटवली. मला फार बरे वाटले.

पुढे कार्ड सुरू झाले. गल्लीचे धान्य ती अजून निवडते, पण वाटा घेत नाही.

मित्रांनो, माझी वीण आता सैल झाली आहे. शेणाने सारवून घ्या, पण चुलीत घालू नका. कुणाचे कार्ड कधी बंद पडेल, सांगता येत नाही.