घरी जोडलेली मशीन

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधून दोन सुरांचा भोंगा वाजू लागला तसा नानासोंच्या हातातला चहा बशीतून धोतरावर सांडला.

"आग लागली काय गं कुठं?"

"नाही नाना. प्रोसेसर तापलाय, म्हणून ओरडतीय," राजेश्वरी म्हणाली. तिने आधी यादी सेव्ह केली, मग पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा पाहिला. एकाहत्तर. बघता बघता बहात्तर झाला. एरवी तो पन्नासच्या आसपास असायचा. अजून थोडा चढला तर प्रोसेसर कायमचा जाईल हे तिला माहीत होतं, आणि दुसरा प्रोसेसर थेट पुण्याला. तिने मशीन बंद केली.

"यादी छापून दाखवणार हुतीस न्हवं?" नानासो धोतर झटकत म्हणाले. "भोंगाच ऐकवलास."

नानासो रहिमतपुरातल्या एका सोसायटीचे सचिव. निवडणूक तोंडावर आली होती आणि सभासदांची मतदारयादी उद्या सकाळी फळ्यावर लागायची होती. दसऱ्याचा मुहूर्त म्हणून ते आज स्वतः आले होते. यादी नीट निघाली तर सोसायटीचं सगळं काम इथून पुढे राजेश्वरीकडे येणार होतं. नाही निघाली तर साताऱ्याच्या सेंटरकडे जाणार होतं. तिथे कंपनीची सीलबंद मशीन होती.

राजेश्वरी फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झाली होती. मैत्रिणी पुण्याला नोकरीला गेल्या. तिने पुण्याहून एकेक भाग आणून मशीन घरातच जोडली आणि घरी सांगून टाकलं की काम इथेच करणार. गावात काही दिवस याचीच चर्चा होती.

मे महिन्यात मशीन सारखी अडकायची. तेव्हा तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत करायची तसं एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली होती. टेबल पत्र्याच्या खोलीतून मातीच्या माळवदाखाली आणलं, आकडा थोडा उतरला. आतल्या वायरी सुतळीने एका बाजूला बांधल्या, आणखी थोडा उतरला. प्रोसेसर आणि त्यावरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा यांच्यातली पांढरी पेस्ट पुसून पुन्हा अगदी पातळ लावली, कारण जाड थर उष्णता वाहून नेण्याऐवजी अडवतो. शेवटी वडिलांनी कॅबिनेटच्या पत्र्याला गोल भोक पाडून दुसरा पंखा बसवला. मानसिंग लष्करात ट्रक चालवून निवृत्त झाले होते. इंजिन तापतं म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नव्हतं.

पण आता ऑक्टोबर होता. सकाळची हवा गार, टेबल तिथेच, यादीही तीच. परवा ही मशीन दिवसभर चालली होती. मग परवापासून बदललं काय? काल तर ती बंदच होती. काल खंडेनवमी होती. ट्रॅक्टर, पंप, कोयता, विळा, सगळ्यांची पूजा झाली आणि सगळ्यांना सुट्टी मिळाली.

राजेश्वरीने स्क्रू काढून बाजूचा पत्रा उतरवला आणि टॉर्च आत मारला.

मदरबोर्डच्या कडेला हळदीकुंकवाची दोन बोटं उमटली होती. प्रोसेसरवरच्या छोट्या पंख्याच्या मधोमध कुंकवाचा टिळा होता. आणि पंख्याचं पातं आणि चौकट यांच्या फटीत कुंकवात भिजून सुकलेला तांदळाचा एक दाणा घट्ट बसला होता.

तिने चिमट्याने दाणा काढला आणि बोटाने पातं ढकललं. ते सहज फिरलं.

"काय घावलं?" नानासोंनी मान लांब केली.

राजेश्वरीने मूठ मिटली. "काही नाही नाना. पंखा अडकला होता. धूळ..."

"धूळ न्हाई ती," दारातून आवाज आला. मानसिंग इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. "अक्षता हाय. माज्या हातची."

नानासो आधी त्यांच्याकडे, मग मशीनकडे बघत राहिले. मग हसू लागले. "आवं फौजी, ट्रॅक्टर हाय व्हय त्यो? बॉनेट उघडून पूजा केलीसा?"

"व्हय. पलटणीत इंजिनाला कुंकू लावल्याबिगर आमची गाडी हलायची न्हाई."

"मग वरनं लावायचं की, डब्याला."

"डबा काय, दुकानात कुणालाबी मिळतोय." मानसिंग आत आले नाहीत. "आतलं लेकीनं जोडलंय. म्हणून आत लावलं. चुकलं माजं."

नानासोंचं हसू ओसरलं.

राजेश्वरीने कापसाने कुंकू टिपून घेतलं. टिळा मात्र तिने पुसला नाही, तो पंख्याच्या मध्यावर होता आणि तिथे त्याची कशालाच अडचण नव्हती. मशीन सुरू केली. कोपऱ्यात अठ्ठावन्न आलं, मग त्रेपन्न, मग अठ्ठेचाळीसवर येऊन थांबलं. तिने छपाईचा हुकूम दिला आणि प्रिंटर करकर करत कागद पुढे सरकवू लागला.

"साताऱ्याची मशीन अशी अडकली म्हंजे काय करत्यात गं?" नानासोंनी विचारलं.

"सील असतं ना. इंजिनिअर येईपर्यंत थांबतात."

"आन् तू?"

"मी उघडते."

नानासोंनी खुर्ची प्रिंटरजवळ ओढली. पहिला कागद फाडून घेतला, त्यावर बोट फिरवत खाली आले आणि एका ओळीवर थांबले. "माजं नाव बराबर छापलंय," ते म्हणाले. "आडनावाचा रफार साताऱ्यात दरसाल चुकायचा." मग जरा वेळाने, कागदावरून नजर न काढता म्हणाले, "सभेचा अहवालबी हिकडंच धाडतो. दिवाळीच्या आत पायजे."

"होईल," राजेश्वरी म्हणाली. दारात उभ्या वडिलांकडे तिने पाहिलं, पण त्यांनी तेवढ्यात तोंड अंगणाकडे वळवलं होतं.

ऊन उतरलं तशी सोनं द्यायला माणसं येऊ लागली. आपट्याची पानं घेऊन जो तो आत शिरू पाही, आणि मानसिंग हात आडवा करीत.

"हितंच द्या. आत लेकीचं काम चाललंय."

धुळा गुरव म्हणाला, "आवं तिच्या मशीनवर दोन पानं ठिवतो की."

"माज्याकडं दे."

ते एकेकाची पानं घेत होते, गळाभेट करीत होते आणि पुन्हा उंबऱ्यावर ताठ उभे राहत होते. शर्टाचा खिसा भरून पानं बाहेर आली, तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात उलटी धरली. पाठीमागे प्रिंटर चाललाच होता.